रिॲक्ट येत नाही म्हणजे काहीच येत नाही?

आज इंदूरच्या विजयनगरमधल्या एका कंपनीत आमच्या दादाची मुलाखत होती आणि ती समोर चहा येण्याच्या आत संपली. रिॲक्टवर, म्हणजे वेबसाइटचे पडदे बनवण्याच्या साधनावर, किती वर्षे काम केले, हा पहिला प्रश्न. केलेले नाही, हे त्याचे उत्तर. आणि त्यावर "कळवतो". घरी येऊन त्याने हे इतक्या शांतपणे सांगितले की संताप मलाच आला.

दादाची उमेदीची वर्षे व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी) या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनात गेली. ते १९९८ साली आले आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या डेव्हलपमेंटच्या साधनांचा सपोर्ट थांबवला, हे खरे. पण त्यात लिहिलेली सॉफ्टवेअरे आजही विंडोज ११ वर चालतात, हेही तितकेच खरे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा इथल्याच सियागंजातल्या एका तेलाच्या व्यापाऱ्याचे बिलिंग दादाने बंद पडू दिले नव्हते. जुन्या प्रोग्रॅममध्ये करासाठी एकच रकाना होता. आता मध्य प्रदेशातच खंडव्याला माल गेला तर अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा कर वेगवेगळा दाखवायचा, दुसऱ्या राज्यात धुळ्याला गेला तर पाच टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य कर, लावायचा, प्रत्येक मालाला एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा ठरलेला आकडा, द्यायचा, आणि हे सगळे करताना मागच्या वर्षांची व्हॅटची बिले जशीच्या तशी उघडली पाहिजेत. मूळ लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला, कागदपत्र एकही नाही. परक्या माणसाचा कोड वाचून त्याचे मन ओळखण्याचे हे काम कोणत्या आवृत्तीत मोडते, ते आजच्या त्या मुलाखतकाराने मला सांगावे!

बायोडेट्यातले शब्द जाहिरातीतल्या शब्दांशी ताडून पाहायला माणूस कशाला हवा? वेबसाइट बनवण्याच्या ज्या अँग्युलरजेएस या साधनाच्या नावावर एके काळी पटापट नोकऱ्या मिळत, त्याचाही सपोर्ट गूगलने २०२१ च्या अखेरीस संपवलाच की.

दादाने कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट फार आधी शिकायला हवे होते, तारखा घातलेल्या झिप फाइलींवर इतकी वर्षे भागवायला नको होते, हे मान्य. कंपनीला पहिल्या दिवसापासून हातात काम घेणारा माणूस लागतो, हेही एक वेळ मान्य.

वहिनी म्हणाली, हल्ली रात्री जेवणे झाली की तो सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा घेऊन बसतो. तो सांगतो की भाषा नवी असली तरी साठवलेली माहिती काढण्याचे एसक्यूएल तेच आहे, दोन तक्ते जोडणाऱ्या जॉइन त्याच आहेत, आणि चुकलेला हिशेब शोधण्याची रीतही तीच आहे. हे ऐकून माझा राग बराच निवळला.

तरीही माझ्या मित्रयादीत मुलाखती घेणारे बरेच जण आहेत, म्हणून त्यांना विनंती करते. अशा उमेदवाराला वर्षे विचारू नका. तुमच्याच जुन्या प्रोग्रॅममधली, कुणालाही न सापडलेली एखादी चूक आणि तासभर वेळ द्या. आणि सी शार्पमध्ये हलवायचे एखादे जुने व्हीबीचे काम कुणाकडे रखडलेले असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. मी दादाला लगेच सांगते.