'भाबडं' म्हणालात, म्हणून

महोदय,

रशियातल्या झारशाहीच्या शेवटावरच्या माझ्या लेखावर आपण चार आक्षेप घेतलेत. तारखांचा घोळ आहे, सेनापतींची भूमिका गाळली आहे, घटना समितीच्या प्रकरणात लेनिनच्या बोल्शेविक पक्षाला मोकळं सोडलं आहे, आणि चौथा आपल्याच शब्दांत: 'पावाच्या रांगेतल्या बायकांनी साम्राज्य पाडलं हे चित्र भाबडं आहे. घरबसल्या इतिहास लिहिणाऱ्यांना असंच सुचतं.'

तारखांचं मान्य. 23 फेब्रुवारी 1917 ही जुन्या रशियन कॅलेंडरची तारीख, आपल्याकडे तो 8 मार्च. मी एकीकडे ही आणि दुसरीकडे ती लिहिली, खुलासा केला नाही. चूक माझीच, दुरुस्त केली आहे. खालच्या रशियातल्या तारखा सगळ्या जुन्या कॅलेंडरच्या.

पण 'भाबडं'? लेख चुकला म्हणा, पुरावा मागा. लिहिणाऱ्याची लायकी काढायचं काय कारण होतं? हा शब्द दोन दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या दिवशी राजधानी पेट्रोग्राडच्या व्हिबोर्ग भागात काय झालं? कापड गिरण्यांतल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. पहाटेपासून रांगेत उभं राहायचं, आणि दुकानदार म्हणणार, पाव संपला. शहरात पीठ अगदीच नव्हतं असं नाही, पण भट्ट्यांना सरपण मिळत नव्हतं आणि रेशन येणार या अफवेनं लोक हवालदिल झाले होते. या बायका नोबेलच्या यंत्रकारखान्यासमोरच्या गल्लीत आल्या आणि आतल्या पुरुषांना बाहेर काढण्यासाठी त्यांनी खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले. पुरुष बाहेर आले. तिसऱ्या दिवशी संपावर 2 लाखांहून जास्त माणसं होती. झार निकोलसनं मोगिलेवच्या लष्करी मुख्यालयातून तार केली, राजधानीतली दंगल उद्याच थांबवा. 26 तारखेला रविवारी सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. आणि ज्या व्होलिन्स्की पलटणीच्या तुकडीनं गोळ्या झाडल्या, तीच दुसऱ्या दिवशी सकाळी उलटली. 'पुन्हा लोकांवर बंदूक चालवणार नाही' इथे तख्त गेलं. लेनिन तेव्हा झुरिचमध्ये होता!

माझ्या 'घरबसल्या'बद्दलही ऐका. 1972 च्या दुष्काळानंतरची मुंबई. मी सहा-सात वर्षांचा. आई रॉकेलच्या रांगेत पहाटे डबा ठेवायची, वर खूण म्हणून दगड, आणि मला राखणीला बसवायची. एकदा दुकानदारानं आमच्या पुढ्यात फळी लावून घेतली. आई घरी येऊन काही बोलली नाही. पुढे मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांचा महागाईविरोधी लाटणं मोर्चा निघाला, तेव्हा ती चाळीतल्या बायकांबरोबर पोळपाटावरचं लाटणं उचलून गेली. त्याआधी ती कुठल्या सभेलाही गेली नव्हती. रांगेत उभं राहणाऱ्या बाईला काय कळतं आणि ती काय करू शकते, हे मला तुम्ही शिकवू नका.

सेनापतींचं म्हणाल तर, झारचा चीफ ऑफ स्टाफ अलेक्सेयेव यानं आघाड्यांवरच्या सेनापतींचं मत तारेनं मागवलं ते 2 मार्चला. त्यांनी पदत्यागाचा सल्ला दिला आणि त्याच रात्री प्स्कोव्हला रेल्वेच्या डब्यात निकोलसनं सही केली. पण राजधानी हातची जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. सेनापतींनी पडलेल्याला पडला म्हटलं, एवढंच. हे क्रमानं वाचलं असतंत तर आक्षेप घेतलाच नसता.

घटना समितीबद्दल: निवडणुकीत बोल्शेविकांना पाव हिस्सा मतं मिळाली, समाजवादी क्रांतिकारी पक्ष त्यांच्या पुढे होता, आणि 5 जानेवारी 1918 ला भरलेली समिती बोल्शेविकांनी दुसऱ्या दिवशी मोडली. ते गैरच होतं. माझा लेख फेब्रुवारीवर होता, त्यात हे आलं नाही म्हणजे मी कुणाला सोडून दिलं असं होत नाही.

पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, त्या आठ दिवसांबद्दल लिहा. मी कुठे बसून लिहितो ते राहू द्या.