चुन्याशिवाय विडा रंगत नाही, राखही नाही

‘काळ्या मातीत घर बांधताय? मुरूम-सिमेंटवर पैसे उधळू नका. साखर कारखान्याची किंवा भाताच्या तुसाची राख दहा टक्के मिसळा, माती दगड होते. राख फुकट, काम कुणालाही जमतं.’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यातलं खरं आधी सांगतो. अशा राखेने मऊ माती सुधारता येते आणि रस्त्याच्या थरांत ती कामाची आहे. बाकीचं बरंचसं चूक.

‘राख मिसळली की माती दगड.’ तुसाच्या राखेत ८५-९० टक्के सिलिका असते खरी, पण ती पाण्याने सिमेंटसारखी एकटी घट्ट होत नाही. तिला चुना लागतो. चुना आधी मातीचा चिकटपणा कमी करतो, मग राखेतल्या सिलिकेशी मिळून आठवड्या-महिन्यांत बंध धरतो. मजकुरात चुन्याचं नावच नाही!

‘कोणतीही राख चालते.’ तूस साधारण ६००-७०० अंशांच्या आत जळलं तरच सिलिका चुन्याला दाद देते. फार तापलं तर ती स्फटिक होते, म्हणजे जवळजवळ वाळूच. बॉयलरच्या काळ्या राखेत अर्धवट जळलेलं चिपाड असतं, ते नुसतं पाणी पितं. काहीजण कच्चं तूसच मातीत घालायला सांगतात. ते कुजतं आणि मागे पोकळ्या राहतात.

‘घराचा पाया पक्का.’ इथे मात्र धोका आहे. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि ही हालचाल वरच्या फूटभरात थांबत नाही. म्हणूनच खोल काळ्या मातीत तळाशी फुगीर असलेले पाइल (पायासाठी जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब) जमिनीखाली निदान ३.५ मीटर न्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी वेगळी वाट काढली: काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर. वर हातभर राख कालवून खालची माती गप्प बसत नाही. भिंतीला तिरकी चीर जाते तेव्हा कळतं.

‘फुकट.’ दहा बाय दहा मीटर जागा मीटरभर खोल धरा. माती सुमारे १५० टन, तिच्या दहा टक्के म्हणजे १५ टन राख. राख हलकी, त्यामुळे ट्रक वजनाआधी आकारमानानेच भरतो. वर चुना, थराथराने कालवणं, मोजून पाणी, रोलर. कुदळ-फावड्याने हे होत नाही. आणि धूळ अडवणारा मास्क लावा, सिलिकेची धूळ फुप्फुसाला वाईट.

राख घ्यायच्या आधी मातीची फुगवण तपासून घ्या. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅम, एक पाण्यात, एक रॉकेलमध्ये, चोवीस तास. पाण्यातली रॉकेलमधल्यापेक्षा दुप्पट किंवा जास्त जागा व्यापत असेल, तर राखेचा ट्रक परत पाठवा आणि पायाचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला बोलवा.