पासआउट कसं व्हावं

पदवी हातात पडली की पहिलं काम म्हणजे बायोडेटात ‘आय पास्ड आउट इन 2021’ हे वाक्य ठळक टाइपात घालणं. ‘ग्रॅज्युएटेड’च्या नादी लागू नका. एक तर स्पेलिंग चुकतं आणि वर वाचणाऱ्याला तुमची जराही काळजी वाटत नाही.

‘पास आउट’ने ती वाटते, निदान परदेशात. तिथल्या इंग्रजीत याचा नेहमीचा अर्थ शुद्ध हरपणं. भोवळ येऊन म्हणा, नाहीतर जास्त ढोसून. तिकडच्या विद्यापीठाला अर्ज करताना ‘पास्ड आउट विथ डिस्टिंक्शन’ आवर्जून लिहा. विशेष प्रावीण्यासह बेशुद्ध पडलेला उमेदवार त्यांना रोज कुठे भेटतो? पुढे ‘फ्रॉम इंजिनिअरिंग कॉलेज’ जोडलंत की कारणही कळेल. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या सेमिस्टरचं गणित पाहिलेला कुणीही ते खोटं म्हणणार नाही.

कुणी चूक काढलीच, तर थेट लष्कराच्या आडोशाला जा. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी प्रशिक्षण पुरं करण्याला ‘पास आउट’च म्हणतात; आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतही ‘पासिंग आउट परेड’ होते. तिथला कॅडेट त्यासाठी तीन वर्षं घाम गाळतो, तुमचं तीन रात्री गाइड चाळून भागलं, हा तपशील सांगायची गरज नाही. (परेडला उन्हात ताठ उभा असलेला एखादा खरोखरच कोसळला, तर मात्र दोन्ही अर्थ एकाच मैदानावर जुळतात.)

नाम म्हणूनही वापरा: ‘वी आर 2019 पासआउट्स.’ नोकरीच्या जाहिरातीच ‘पासआउट्स’ मागतात, तिथे तुम्ही कशाला शुद्धीवर राहता?

अर्जातला ‘इयर ऑफ पासिंग’ हा रकानाही न बिचकता भरा. इंग्रजीत ‘पासिंग’ म्हणजे निधनसुद्धा, पण घाबरू नका. हा रकाना आपल्याकडे ज्याचा तोच भरतो, आणि वर सहीसुद्धा करतो.

राहता राहिले विषय अडकलेले. त्यांनी ‘बी.कॉम. अपिअर्ड’ लिहावं. परीक्षागृहात प्रकट झालात ना, मग झालं. पेपर लिहिलात का, असं देवाला तरी कोण विचारतं?