भाड्याच्या घरातला मुलगा

गेल्या रविवारी भावाने सांगलीहून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘स्थळ मोडलं. पोरगा पुण्यात भाड्याने राहतो म्हणून.’ भाचा इंजिनीअर, निर्व्यसनी, बाणेरला वन बीएचकेचं भाडं वेळेवर भरणारा. खाली सगळ्या नातेवाइकांचा एकच सल्ला: लोन काढ, बुकिंग कर, मग मुली बघू.

माझा राग अजून उतरलेला नाही. फ्रान्समध्ये, लियाँ शहरात आम्ही १४ वर्षं भाड्याने राहतोय. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेने सगळा संसार भाड्याच्या घरात केला. तिच्या मुलांच्या लग्नात कुणी घराचे कागद मागितले नाहीत. इथे १९८९ च्या कायद्याने, घर बिनसामानाचं असेल आणि मालक कंपनी नसून एखादी व्यक्ती असेल, तर करार निदान ३ वर्षांचा. मालकाला घर परत हवं तर करार संपायच्या ६ महिने आधी कळवायचं, आणि विकायचंय, स्वतः राहायचंय असं ठोस कारण द्यायचं. भाडं थकलं तरी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. आपल्याकडे अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. दहावा लागला की एजंटचा फोन. अशा ठिकाणी पोरीच्या बापाला धास्ती वाटणारच! ग्रुपवर मला हेच लिहायचं होतं, की तुम्ही पोराला बोल लावताय, त्या अकरा महिन्यांना लावा.

फ्रेंचांना घर घ्यायचं नसतं असं नाही. सुमारे ५८ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात, आणि ऑफिसात कॉफीच्या वेळी नोतेरचा, म्हणजे घराची कागदपत्रं करणाऱ्या सरकारमान्य वकिलाचा खर्च नि २५ वर्षांचं कर्ज हाच विषय असतो. भाड्याचं घरही सुखासुखी मिळत नाही. भाड्याच्या तिप्पट पगार दाखवा, वर हमीदार आणा. आमचं इथे सख्खं कुणी नव्हतं. माझ्या हमीपत्रावर एका सहकाऱ्याने सही केली. ते पहिलं घर सोडताना एजन्सीची बाई भिंतीवरून बोट फिरवत गेली आणि देव्हाऱ्याच्या फळीची चार भोकं तिने यादीत लिहिली. मी ती आदल्या रात्री लांबीने बुजवली होती. तेव्हापासून आमचे देव पुस्तकांच्या कपाटावर आहेत. या घरात मी एकही खिळा ठोकलेला नाही.

हे सगळं टाइप केलं आणि पुसून टाकलं. कारण औंधला आमचा फ्लॅट आहे. सहा वर्षांपूर्वी घेतला, दाराला आमच्या नावांची पितळी पाटी आहे, आत कुणी राहत नाही. शेजारच्या काकू महिन्यातून एकदा नळ सोडून येतात. भाड्याने दिला नाही, कारण भाडेकरू निघालाच नाही तर? आणि उद्या परत जायचं ठरलं तर, निदान त्या एका भिंतीत खिळा ठोकायला मला कुणाला विचारावं लागू नये.

भाचा तिथून अर्ध्या तासावर भाडं भरतो. त्याला किल्ली द्यावी, हे या रविवारपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.