वर्षाची भाजी शंभर फुटांत? आधी ऊन मोजा

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. शेवटी तो मोठ्या वहिनींनी पाठवला, खाली “भावजी, तुमचा विषय” असं लिहून. मेसेज थोडक्यात असा: परसदार नाही म्हणून रडू नका. शंभर चौरस फूट गॅलरीत चार माणसांची वर्षभराची भाजी होते. ऊन कमी असलं तरी चालतं. कोकणात पाणी तर देवच घालतो. केळीची साल आणि अंड्याचं टरफल हेच खत. गच्ची मिळाली तर फूटभर माती टाकून वाफे करा. आणि घरच्या भाजीला कीड लागत नाही.

मी रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि नऊ वर्षं कुंड्यांत भाजी लावतोय, म्हणजे मी काही या प्रकाराचा शत्रू नव्हे. पण दर जूनमध्ये असलं काहीतरी वाचून कोणीतरी दोन हजारांच्या कुंड्या आणतं, आणि गणपतीपर्यंत त्या जिन्याखाली उपड्या पडलेल्या दिसतात.

आधी वर्षभराचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. त्यातली निम्मीच भाजी धरली तरी चार माणसांना रोज ८०० ग्रॅम, वर्षाला २९० किलोच्या वर. आता शेताकडे बघा. भाजीवाल्या शेतकऱ्याने हेक्टरी २५ टन माल काढला, तर त्या दराने शंभर चौरस फुटांत हंगामाला साधारण २३ किलो होतात. तीन हंगाम घेतले तरी सत्तरच. तेही उघड्या उन्हात, आणि गॅलरीत तुम्हाला उभं राहायला जागा न ठेवता. माझी वर्षाची भाजी तीसेक किलो भरते, आणि भाजीवाल्या मावशींकडे मी अजून एक दिवसाआड जातो.

“ऊन कमी असलं तरी चालतं.” सगळ्यात जास्त कुंड्या या वाक्याने रिकाम्या केल्या आहेत. टोमॅटो, वांगं, मिरची, भेंडी यांना सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. पण ऊन कधी येतं हे कोणी सांगतच नाही. माझी गॅलरी दक्षिणेला आहे. रत्नागिरी साधारण १७ अक्षांशावर, त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात इथे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीत ऐन लावणीच्या दिवसांत दुपारचं ऊन नाही, आणि वर आभाळ भरलेलं. पहिल्या वर्षी मी जूनमध्ये टोमॅटो लावले. छातीएवढे वाढले, फळ एक नाही. तोच सूर्य डिसेंबरात दक्षिणेला उतरतो आणि ऊन गॅलरीच्या आतल्या भिंतीला टेकतं. म्हणून माझी मिरची आता ऑक्टोबरात लागते आणि व्यवस्थित धरते.

मग पावसाळ्यात काय लावायचं? आमच्या आजोळच्या आगरात माडा-पोफळींच्या खाली कधी धड ऊन पोचायचं? तरी तिथे अळू होतं, हळद होती, आलं होतं, मायाळूचा वेल होता. सावलीत वाढणारी, ओलीला न भिणारी ही मंडळी गॅलरीत तशीच वाढतात. हळदीचा मोड आलेला गड्डा मेअखेर गोणीत लावला की श्रावण-भाद्रपदात पातोळ्यांना पानं आणि जानेवारी-फेब्रुवारीत खाली हळद. मायाळूचं तर रोपही विकत घ्यायला नको. बाजारच्या जुडीतले जाड देठ मातीत खोचले की मूळ धरतात. मेसेजमध्ये यातलं एकही नाव नाही. ब्रोकोली मात्र आहे.

पाण्याचं म्हणाल तर रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने देव सुट्टीवर. शिवाय वरच्या मजल्याचा स्लॅब डोक्यावर असला, तर बाहेर धो धो कोसळत असताना आतल्या ओळीतली कुंडी कोरडी ठणठणीत असते. मी जुलैत झारी घेऊन उभा असतो आणि समोरचे हसतात. उघड्यावरच्या कुंडीचं उलटं. दिवसात १०० मिलिमीटर पडला म्हणजे चौरस मीटरवर १०० लिटर पाणी, आणि ते मातीतलं नत्र घेऊनच खाली जातं. पानं पिवळी पडतात ती त्यामुळे.

आणि या पिवळ्या पानांना केळीची साल घालून उपयोग नाही. सालीत पालाश (पोटॅश) असतं, नत्र नावाला. टरफलं विरघळायला महिनोन् महिने घेतात. ताजी साल खोचलीत तर पहिलं पीक चिलटांचं येतं. शेणखत, किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पातेरा (झाडांचा वाळका पाला) थरावर थर देऊन कुजवलेलं खत, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी मूठमूठ. पातेरा आपल्याकडे फुकट आहे, लोक तो जाळतात.

गच्चीवर फूटभर माती? चौरस मीटरला ओली माती साडेचारशे किलोच्या पुढे जाते. माणसांचा वावर असलेली गच्ची सर्वसाधारणपणे चौरस मीटरला १५० किलो भार धरून बांधतात. इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नका, बस.

कीड लागते. मावा येतो, पिठ्या ढेकूण येतो, पावसात गोगलगायी भिंत चढून येतात. केलडी, म्हणजे माकडं, तर पाइप धरून तिसऱ्या मजल्यावर. माझी काकडी दोन वर्षं त्यांनीच खाल्ली, अळूला मात्र हात लावला नाही. उलट जे किडे हवे असतात ते इतक्या वर फिरकतीलच असं नाही. पडवळाचं फूल रात्री उमलतं. रात्रीचे पतंग आले नाहीत तर टॉर्च घेऊन नर फूल तोडायचं आणि मादी फुलाला आपणच लावायचं. मादी फूल ओळखायला सोपं, मागे बोटभर पडवळ आधीच असतं.

वहिनींना एवढं सगळं लिहिलं नाही. त्यांची गॅलरी उत्तरेला, समोर दुसरी बिल्डिंग. “कुंड्या आणू नका. हळदीचे चार गड्डे काढून ठेवलेत, येताना तांदळाच्या दोन रिकाम्या गोण्या घेऊन या,” एवढंच कळवलं.

लगेच उत्तर आलं, “पानं नागपंचमीला मिळतील?”

“लहान असतील. गौरीला नक्की.”