सूर्य चालू, पंखा बंद

मंगळवारी दुपारी सव्वा वाजता लाईट गेली. मे महिना, भुसावळ, पारा पंचेचाळिशीच्या वर. पुढचं वर्णन भुसावळकराला सांगायची गरज नाही आणि पुणेकराला सांगून उपयोग नाही.

खरं सांगायचं तर लाईट गेल्यावर मी क्षणभर गालात हसलो. डिसेंबरातच गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसवलंय. 78,000 रुपये सरकारी अनुदान, बाकीचे माझ्या फंडातले. आता गल्लीतले सगळे पंखे थांबतील, माझा फिरत राहील, लोक खिडकीतून बघतील, असा साधा सरळ दुष्ट आनंद होता. पंखा गल्लीतल्या बाकीच्या पंख्यांबरोबर, अगदी शिस्तीत थांबला.

ज्याने बसवून दिलं त्या पोराला फोन लावला. "काका, तुमचं ऑनग्रिड आहे, म्हणजे कंपनीच्या लाईनला जोडलेलं. वरून लाईन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. नाहीतर तुमची वीज उलटी लाईनवर जाईल, खांबावरच्या लाइनमनला शॉक लागेल." बरोबर आहे. लाइनमनला शॉक लागू नये असंच माझंही मत आहे. पण हे पैसे घेताना का नाही सांगितलं? "तुम्ही विचारलं नाही काका. बॅटरी लावली असती तर चाललं असतं." बॅटरीची किंमत त्याने सांगितली, तेव्हा मीच ट्रिप झालो.

एवढ्यात जिभाऊ आले.

जिभाऊ आमचे शेजारी. मूळचे अमळनेरकडचे, उभी नोकरी दीपनगरच्या औष्णिक केंद्रात काढली. दोनशेदहा मेगावॉटचा संच त्यांनी म्हशीसारखा सांभाळला, आणि आजही त्याच्याबद्दल बोलताना डोळ्यात पाणी येतं. माझ्या गच्चीवर सोलरच्या पाट्या चढल्या तेव्हापासून ते मला फितूर समजतात. कपाळाला ओलं उपरणं बांधून ते ओट्यावर टेकले आणि छताकडे बघत राहिले. बराच वेळ. एखाद्याच्या घरी गमी झाल्यावर बसतात तसे.

"लाईट गई का भाऊ?"

"हो."

"पन तुन्हं तं सोलर शे ना?"

"आहे."

"मंग पंखा काबर बंद शे?"

मी लाइनमनची गोष्ट सांगितली. त्यांनी ती फार गंभीरपणे ऐकली. मग उठले, फाटकापर्यंत गेले, डोळ्यांवर हात धरून कोपऱ्यावरचा खांब न्याहाळला, परत येऊन बसले.

"खांबवर तं कोनीच नही."

"अजून आला नाही तो."

"म्हनजे जो आनाच नही त्याले शॉक लागू नये म्हनीसन तू घाम गाळी राह्यना."

मी गप्प. खाली टेबलावर सोलरवाल्यांचं रंगीत माहितीपत्रक पडलं होतं. त्यावर आई, बाबा, दोन मुलं, आजी असं कुटुंब पंख्याखाली हसतंय आणि वर मोठ्या अक्षरांत 'बिल शून्य'. जिभाऊंनी ते उचललं आणि त्यानेच वारा घ्यायला लागले. चांगला जाड कागद, वारा छान लागत होता. दर फटक्याला ते हसरं कुटुंब माझ्यासमोरून जायचं.

"आमना कोळसा कधी म्हने नही, लाइनमन शे, मी झोपस. रातले चालना, पावसायात चालना, दिवाईले चालना."

आणि राख? दीपनगरकडून वारं सुटलं की दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागतात, त्याचं काय? हा विषय काढला की जिभाऊंना नेमका कोणाचा तरी फोन येतो. आताही आला. खिशातला मोबाइल वाजला नव्हता, तरी आला.

फोन संपवून त्यांनी माझ्या पाट्यांची चौकशी केली. ऊन इतकं आहे, तर वीज भरपूर होत असेल? इथे मी पुन्हा फसलो. पाटीची ताकद मोजतात ती 25 अंशांवर. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.4 टक्के ती ढिली पडते, आणि बाहेर पंचेचाळीस असताना तिची काच पासष्टच्या वर जाते. थोडक्यात, उन्हावर जगणारी वस्तू, पण तिला भुसावळचं ऊन सोसत नाही. पुण्याचा जावईच. जिभाऊ इतके हसले की माहितीपत्रक हातातून पडलं.

मग मी जरा चिडून मोठा मुद्दा काढला. म्हटलं, 2021 मध्ये ग्लासगोला आपल्या पंतप्रधानांनी जगाला शब्द दिलाय, 2070 पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच परत शोषून घेऊ. आज देशात बसवलेल्या क्षमतेतली निम्मी कोळशाशिवायची आहे. जिभाऊंनी बोटं मोजली. "2070 ले मी 118 वरीसना व्हसू." आणि निम्म्या क्षमतेबद्दल: "हजेरीपटवर नाव शे. कामवर कोन येस? कोळसाच येस."

राग यासाठी आला की हे खरं आहे. क्षमता निम्मी, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच. आणि हवामान बिघडलंय हे मला कोणी पटवून द्यायची गरज नाही, मी भुसावळला राहतो. प्रश्न एवढाच की जग वाचवायची वर्गणी दर वेळी आमच्याच दारात का मागतात? बिल बघा. स्थिर आकार, वीज वापरा नाहीतर नका वापरू. वहन आकार, म्हणजे वीज वाहून आणण्याची हमाली, आणि दीपनगरच्या धुराच्या चिमण्या तर माझ्या गच्चीवरून दिसतात! त्यावर इंधन समायोजन, त्यावर 16 टक्के वीज शुल्क. 'बिल शून्य'मध्ये स्थिर आकार धरलेला नसतो, हेसुद्धा विचारायला हवं होतं म्हणे.

आणि सगळ्यात खुपतं ते मार्च. जानेवारी-फेब्रुवारीत पंखा नको, कूलर नको, माझी जास्तीची वीज लाईनवर जाते, खात्यावर युनिट साठतात. मी गृहिणीसारखा आनंदात, उन्हाळ्याची बेगमी झाली. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं, उरलेल्या युनिटांचा हिशेब स्वस्तात मिटवतात आणि एप्रिलला, कूलर लावायच्या दिवशी, पाटी कोरी. खान्देशातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की साठवणीचा डबा उन्हाळ्याच्या तोंडावर रिकामा करत नसतात.

खान्देशाने काय द्यायचं ठेवलंय? कोळशाची राख आम्ही खातो. साक्रीला शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून उभा आहे. ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. ऊन आमचं, वारा आमचा, राख आमची. आणि माझा रावेरचा चुलतभाऊ कित्येक वर्षं केळीला पाणी द्यायला रात्री दोनला बॅटरी घेऊन शेतात जायचा, कारण पंपाची लाईट तेव्हाच यायची. पायाखाली साप आहे का हे बघायला ती बॅटरी. त्याला आता दिवसाची वीज देऊ म्हणतात. द्या बाबांनो, पण आधी द्या, मग फलक लावा.

सौ. तिकडे जिन्याने खालीवर करत होती. पाट्यांनी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळवायची जागा खाल्ली म्हणून ती डिसेंबरपासून माझ्याशी तुटक बोलते. आता पाट्या बंदच आहेत म्हटल्यावर तिने थेट पाट्यांवर प्लॅस्टिक अंथरून बिबडे घातले. तासाभरात खडखडीत. जिभाऊ वर जाऊन बघून आले आणि त्यांनी पहिल्यांदा सोलरचं मनापासून कौतुक केलं.

साडेचारला लाईट आली. इन्व्हर्टर लगेच चालू होत नाही, आधी पाच मिनिटं ग्रिडची नाडी बघतो. तोवर जिभाऊ उठले. माहितीपत्रक त्यांच्या हातातच होतं, वारा घेत घेत फाटकाबाहेर गेले. मागावं की नाही, कळेना. त्याच्या पाठीमागे माझ्या वॉरंटीचा शिक्का आहे.