एका आदिवासीचं क्षेत्रफळ

9 ऑगस्ट जवळ आला की शाळेच्या ग्रुपवर निरोप पडतोच: जागतिक आदिवासी दिन, यंदा गणित आणि भूगोलाशी जोडून. तुम्ही ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एखाद्या शाळेत गणित शिकवत असाल, तर पोटात गोळा येऊ देऊ नका. हा विषय एकाही आदिवासी माणसाशी अवाक्षर न बोलता व्यवस्थित उरकता येतो.

सुरुवात वारली चित्रापासून करा. सगळे तिथूनच करतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस तयार. पाया 4 सेंटीमीटर, उंची 3. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ 6, दोन्हींचं 12. म्हणजे एका आदिवासीचं क्षेत्रफळ 12 चौरस सेंटीमीटर, हातपाय वगळून. याहून जास्त जागेचा विषय वर्गात काढू नका. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर 4 हेक्टरपर्यंत हक्क देणारा कायदा 2006 सालचा आहे हे खरं, पण हेक्टरचे चौरस मीटर करताना मुलं फार गोंधळतात. दाव्याची जमीन जीपीएस घेऊन बांधाबांधाने चालत मोजता येते, हेही बोलू नका. भूमिती वहीतच नेटकी दिसते. चित्रातला चौक पालघट देवीचा, लग्नघरी सवाशिणी तो तांदळाच्या पिठाने ‘लिहितात’. एखाद्या चुणचुणीत मुलीने ‘हा चौकोन कशाचा?’ विचारलंच, तर ‘चारही बाजू समान’ एवढं सांगून पुढे सरका.

मग शेकडेवारी. यासाठी ठाणे जिल्ह्याइतकं गोड उदाहरण शोधून सापडायचं नाही. 2011 च्या जनगणनेत अखंड जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे 14 टक्के होते. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा निघाला. तेच आकडे नव्या सीमेने वाटले, की पालघर 37 टक्क्यांच्या वर आणि ठाणे 5 च्या आसपास. एकाही घराने भांडीकुंडी बांधली नाही, टेम्पो बोलावला नाही, तरी ठाण्याचा टक्का 14 वरून 5 वर! नकाशावरच्या एका रेघेची ही करामत. ती रेघ फळ्यावर जरा ठळक ओढा आणि सांगून टाका, ‘आदिवासी पालघरला असतात.’ सांगताना डोंगराकडची खिडकी तेवढी लावून घ्या, पलीकडे ठाण्यातलंच येऊर दिसतं. मुलांच्या मोबाइलच्या नकाशावर येऊरची हॉटेलं आणि टर्फ आधी येतील, ते चालेल. तिथले पाटोणापाडा, जांभूळपाडा हे आदिवासी पाडे शोधायला बोटांनी नकाशा ताणावा लागतो. ताणू देऊ नका, तास संपेल.

पाण्याची गणितं तर पिढ्यानपिढ्या तयारच आहेत. एक नळ टाकी 3 तासांत भरतो, दुसरा 6 तासांत, दोन्ही सोडले तर? 2 तास. नळात पाणी कुठून येतं हे त्या गणिताने आजवर कधी विचारलेलं नाही, तुम्हीही नवा पायंडा पाडू नका. कारण मग भातसा निघेल, तानसा निघेल. तानसाचं धरण 1892 चं, म्हणजे सव्वाशे वर्षं उलटली. दोन्ही शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, भातसाचं ठाण्यालाही, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात हंडे मांडून टँकरची वाट बघतात. वजाबाकी हवीच असेल तर सरकारी निकषांची द्या: शहरात माणशी रोज 135 लिटर, खेड्यात 55. फरक 80. सोसायटीचा स्विमिंग पूल यात धरायचा नाही, तो वेगळ्या धड्यात येतो. घनफळाच्या.

प्रात्यक्षिक मात्र टाळा, मी अनुभवाने सांगतो. गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांच्या शाळेतून पोरं डोक्याला कागदी पानं आणि हातात पुठ्ठ्याचे तारपे, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, घेऊन बाहेर पडली. फाटकाबाहेर येऊरहून आलेली एक बाई कंटोळी घेऊन बसली होती. पळसाच्या पानावर एकेक वाटा, तीस रुपयाला. पोरांकडे बघून तिने विचारलं, ‘आज नाटक हाय का?’ कुणीच उत्तर दिलं नाही. एक आई पुढे झाली.

‘मावशी, पाच वाटे घेते, एकशेवीसला द्या.’

‘घ्या की,’ मावशी म्हणाली, आणि पाचातला एक वाटा तिने हाताने मागे ओढून घेतला.

पिशवीत चार वाटे पडले. पुठ्ठ्याचा तारपा धरलेला आमचा मुलगा हे बघत बोटांवर काहीतरी मोजायला लागला. अशा वेळी पोराचा हात धरा आणि रिक्षा बघा.